परवाची उधारी

तरुणपणी शरीराचा व्यवहार रोखीचा होता. सकाळी जोर-बैठका काढल्या की संध्याकाळी दंड भरून यायचे आणि रात्रीच्या झोपेत हिशेब चुकता. आता अडुसष्टाव्या वर्षी त्याने माझ्या नावे उधारीचं खातं उघडलंय. आजच्या कष्टांचं बिल उद्यासुद्धा येत नाही, परवा येतं.

हे मला पावागडाने शिकवलं. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. हिवाळ्यात नातवाला घेऊन गेलो, रोपवेची रांग पाहून वैतागलो आणि माचीपासून पायऱ्या धरल्या. चढताना धाप लागली, चारदा बसलो. उतरताना मात्र श्वास मोकळा, गप्पा मारत भराभर खाली. "आजोबा, तुम्ही दमतच नाही!" असं सर्टिफिकेटही मिळालं. दुसऱ्या दिवशी जरा जडपणा. तिसऱ्या दिवशी मी घराचा जिना कठडा धरून पाठमोरा उतरत होतो आणि खालून सौभाग्यवती विचारत होत्या, "अहो, काही विसरलात का वर?"

कष्टाने स्नायूंत साचणाऱ्या लॅक्टिक ॲसिडमुळेच हे दुखतंय असं समजून मी त्याला शिव्या घातल्या. ते बिचारं तासा-दोन तासांतच निघून गेलेलं असतं. खरी मेख उतरण्यात आहे. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच अंगाचं वजन पेलतो, गाडीला सतत ब्रेक लावल्यासारखा. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ते दुखणं २४ ते ७२ तासांत ऐन भरात येतं. डागडुजी या वयातही होते, फक्त मिस्तरी आता आरामात येतात.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात विश्रांती हा शब्द जरा खालच्या आवाजातच उच्चारला जायचा. वडील आम्हाला व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या, त्यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गोष्टी सांगत. त्यांत घाम भरपूर असे, झोप कुठेच नसे. त्यामुळे पावागडानंतर दोन दिवस हिंचक्यावर बसून राहताना मला गुन्हेगारासारखं वाटत होतं. खरं तर पायाने हलका झोका देत बसणं त्या आखडलेल्या पोटऱ्यांना निजून राहण्यापेक्षा मानवलं.

आता सकाळी कमाटीबागेत जातो. सयाजीरावांनी १८७९ साली केलेली ही बाग. पाटीवर सयाजीबाग, तोंडात कमाटीबाग. आमच्या टोळक्यात वेग मोजायला शेअरबाजार आहे. भावांवरून वाद घालता येतोय तोवर चाल ठीक, शब्द तुटायला लागले की हळू. नातवाने मनगटावर बांधलेल्या घड्याळापेक्षा मला हे बरं वाटतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीलाच लगाम घालतात, मग घड्याळातल्या आकड्याला काय अर्थ? छाती दडपली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, भोवळ आली, तर मात्र वाद तिथेच सोडून थांबायचं आणि सरळ इस्पितळ गाठायचं. त्या दुखण्यात परवाची उधारी चालत नाही.

आठवड्याला १५० मिनिटं चालणं जमतं. साठी-पासष्टीनंतर ताकदीचा आणि तोलाचा व्यायामही हवा, हे मला उशिरा कळलं. चहा उकळेपर्यंत ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभा राहतो. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठतो, उठताना श्वास सोडत. कोंडून धरला की रक्तदाब उसळी मारतो. हे एक दिवसाआड. मधला दिवस मिस्तरींचा. त्यांना माल लागतो म्हणून संध्याकाळच्या लीला, म्हणजे बडोद्याच्या ओल्या चिवड्याच्या जागी मूग आणि दही आलंय. (चिवडा घरातून गेलेला नाही, फक्त वरच्या फळीवर गेलाय. तिथे हात पोचवणं हाही व्यायामच, असं मी घरात मांडून पाहिलं.) तहान आता पूर्वीसारखी हाक मारत नाही, म्हणून पाणी आठवणीने पितो.

परवा पुन्हा पावागड. या वेळी चढलो पायऱ्यांनी, जागोजागी बसत, आणि वर पोचल्यावर रोपवेच्या खिडकीशी गेलो.

"काका, फक्त उतरवानी टिकिट?"

"फक्त उतरवानी."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या घामेजल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि तिकीट फाडलं. नातू पायऱ्यांनीच निघाला होता. पाळण्यातून मला तो दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरताना दिसला. त्याने वर पाहून हात केला, मीही केला.

त्याचा व्यवहार अजून रोखीचा आहे.