भरावाखालचं पाणी

कॅनडाच्या उत्तरेला, युकॉनमध्ये, डेम्पस्टर हायवे नावाचा खडीचा रस्ता आहे. डॉसन गावाच्या अलीकडून निघतो आणि साधारण 740 किलोमीटरवर इनुविकला पोचतो. 1979 साली तो खुला झाला. सुरुवातीचा पंप सोडला तर पुढचं पेट्रोल थेट 369व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्सला मिळतं. मधल्या टापूत मोबाइलला रेंज नाही. या रस्त्याच्या बऱ्याच भागाखालची जमीन बारा महिने गोठलेली असते, पर्माफ्रॉस्ट म्हणतात ती. तिचं तापमान नोंदवणं हे माझं काम. रस्त्याकडेला बोअर घेऊन आत सेन्सरच्या केबल सोडलेल्या आहेत. उन्हाळा सरताना, वरचा थर सगळ्यात खोलवर वितळलेला असतो तेव्हा, मी एकटी गाडी घेऊन जाते आणि एकेका डेटालॉगरमधल्या नोंदी उतरवून आणते.

मुक्काम गाडीतच. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात एकटीनं तंबू ठोकायची माझी तयारी नाही. मागची सीट पाडून त्यावर फळी, फळीवर गादी, काचांना आतून चंदेरी फोम. सकाळी श्वासाची वाफ काचेवर गोठलेली असते, ती खरवडायची आणि कामाला लागायचं. सकाळ-संध्याकाळ सॅटेलाइट मेसेंजरवरून ऑफिसला खुशाली कळवणं सक्तीचं आहे आणि ते योग्यच आहे. ज्या कॉर्पोरल डेम्पस्टरचं नाव या रस्त्याला दिलंय, त्यानं मार्च 1911 मध्ये याच भागात वाट चुकून मेलेल्या गस्तीपथकातल्या चौघांचे मृतदेह शोधून काढले होते.

त्या सप्टेंबरात चॅपमन तळ्याच्या पुढे, माळरानासारख्या उघड्या टुंड्रात मी गाडी लावली होती. रात्रभर पाऊस पडला. सकाळी उजाडल्यावर जवळच्या बोअरचा लॉगर उघडला. आकडे गेल्या वर्षीच्या आसपासच होते, काळजी करावी असं काही नव्हतं. मग सवयीप्रमाणे रस्त्याच्या कडेनं चरातून चालत निघाले.

ही सवय परभणीची. माझी पहिली नोकरी तिथल्या रस्त्याच्या कामावर होती, काळ्या मातीत. आमचे मुकादमकाका म्हणायचे, "मॅडम, डांबर नंतर बघा. आधी पाणी कुठून शिरतंय अन् कुठून निघतंय ते बघा." काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. इथल्या मातीत बर्फ असतो आणि तो वितळला की जमीन खचते. दोन्हीकडे खरा शत्रू पाणीच.

इथल्या रस्त्याचा जाड भराव खालच्या बर्फाला उन्हाळ्याची ऊब लागू देत नाही. पण हिवाळ्यात रस्ता मोकळा करणाऱ्या गाडीच्या नांगरानं लोटलेला बर्फ भरावाच्या उतारावर साचतो आणि दुलईसारखा जमिनीला झाकून ठेवतो. बाहेर उणे 40 असलं तरी ती थंडी जमिनीत पुरेशी उतरत नाही. चरात विलोची झुडपं वाढली की तिथं आणखी बर्फ अडकतो. अशा ठिकाणी भरावाच्या पायथ्याखालची जमीन वर्षागणिक गरम होते, खचते, खोलगट होते, आणि पाणी तिथंच साठतं.

बोअरपासून फार तर 40 मीटरवर असंच डबकं दिसलं. त्यातलं पाणी हळूच गोल फिरत भरावाच्या पोटात शिरत होतं. तिथं मोरी नव्हती. रस्ता ओलांडून पलीकडे उतरले, तर पायथ्याशी पाणी बाहेर येत होतं. आत जाणारं पाणी नितळ, बाहेर येणारं कॉफीच्या रंगाचं. म्हणजे मधली माती वाहून चालली होती. साइडपट्टीवर चढून लोखंडी सळई दाबली. वरच्या खडीत ती अडली, नेट लावल्यावर एकदम मुठीपर्यंत आत गेली.

गाडी आडवी लावली, ब्लिंकर लावले, दोन्ही बाजूंना शंकू ठेवले. ऑफिसला मेसेज केला, त्यांनी रस्ता देखभालीच्या तळाला कळवायचं ठरलं. व्हीएचएफ रेडिओवर ट्रकवाल्यांसाठी जागेचा किलोमीटर परत परत सांगत राहिले. थोड्याच वेळात इनुविककडे इंधन घेऊन जाणारा टँकर येऊन थांबला. ड्रायव्हर वयानं मोठे, या रस्त्यावर आयुष्य काढलेले.

"रस्ता तर ठणठणीत दिसतोय," ते म्हणाले. शंका रास्तच होती, वरून एक भेगही नव्हती. मी त्यांना आधी वरच्या बाजूला नेलं, मग खालच्या. त्यांनी गढूळ पाण्यात हात घातला, बोटांवरचा गाळ चोळून पाहिला आणि काही न बोलता टँकर मागे घेऊन रस्त्यात आडवा लावला. मग रेडिओ त्यांनीच हातात घेतला. त्यांचा आवाज सगळे ओळखत होते, उत्तरेकडून येणारे ट्रक दूरवरच थांबले.

दुपारी पोकलेन आला. साइडपट्टी उकरली तेव्हा जेमतेम अर्धा मीटर खडीखाली माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी होती. तिच्या एका भिंतीत हिमपाचर उघडी पडली होती. करडा बर्फ, त्यात मातीच्या उभ्या रेषा आणि बारीक बुडबुडे. हिवाळ्यात जमीन तडकते, तड्यात वितळलेलं पाणी शिरून गोठतं, असं हजारो वर्षं होत ती वाढलेली असते. आता ती टपटप गळत होती आणि कुजक्या पानांचा जुना वास सुटला होता. मी जवळून फोटो घेतले, तापमान घेतलं, आणि मला फार वाईट वाटलं. एकदा वाहत्या पाण्यानं कापलेली ही पाचर कोणत्याही दुरुस्तीनं परत येत नाही.

संध्याकाळपर्यंत पोकळी भरून एक लेन सुरू झाली आणि टँकर पुढे गेला.

अहवालात मी लिहिलं: झुडपं काढा, चराला उतार देऊन पाणी पुढच्या मोरीकडे वळवा, उतारावरचा बर्फ हिवाळ्यातच खरवडा. ऑफिसात तेव्हा सगळे लॉगर उपग्रहाला जोडायचा विचार चालू होता, म्हणजे कुणाला जायलाच नको. जोडा, माझी हरकत नाही, त्यामुळे नोंदी वर्षभर मिळतील. पण त्या दिवशी 40 मीटरवरच्या बोअरला या पाण्याचा पत्ता नव्हता. त्यामुळे चर चालून बघण्याचं काम वेगळं मंजूर करा, असा मी आग्रह धरला. ते मंजूर झालं. कुठं चालायचं याची यादी आता देखभालीच्या तळावरचा ग्रेडरवाला, म्हणजे खडी सपाट करणारं यंत्र चालवणारा, देतो, कारण कुठल्या डबक्याचं पाणी अचानक उतरलं हे त्याला आमच्या आधी कळतं.