एकोणीस मिनिटांचा गोली

आमच्या घरात फ्रिजवर एक कप आहे. त्यावर ‘उत्कृष्ट गोलरक्षक’ असं कोरलंय. मी अकरा हंगाम पैसे घेऊन फुटबॉल खेळलो, तो मिडफिल्डर म्हणून. उंची पाच फूट सहा इंच. गोलात उभा राहिलो ते आयुष्यात एकदाच, तेही सोलापुरात.

सोलापुरातून व्यावसायिक फुटबॉलकडे जाणारा रस्ता पुण्याहून जायचा. आमच्या उमेदीच्या काळात तिथं क्लबांची चैन होती. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, दुसरी आली होती. भारत एफसी एकाच हंगामात आटोपली, डीएसके शिवाजीयन्स आली आणि गेली, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपली आणि तिच्या जागी आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, हैदराबादचा संघ उतरला. आम्ही दोघं-तिघं पोरं सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून ट्रायलला जायचो, रात्री परत. मी जिथं जिथं खेळलो ते क्लब यांच्यातले नाहीत. त्यांची नावं घेत नाही, कारण त्यातल्या एकाकडून दोन महिन्यांचा पगार अजून यायचाय. फिफाचा २०१८ पासूनचा नियम आहे : दोन पगार थकले, की पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर करार मोडून मोकळं व्हायचं. नोटीस मी दिली होती. मोकळा झालो. पैशाचं काय, ते नियमात वाचायला सोपं आहे.

आणखी एक गंमत सांगतो. मी बहुतेक हंगाम आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये काढले. २०२२-२३ पासून आयएसएल अधिकृतपणे पहिल्या पायरीवर गेली, आय-लीग दुसऱ्या पायरीवर आली आणि आमची दुसरी तिसऱ्या पायरीवर. मी होतो तिथंच होतो, तेवढ्याच पगारात, पंचवीस हजार आणि राहणं-जेवण.

तर त्या वर्षी ३१ मेला माझा करार संपला आणि मी घरी आलो. घर विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत. अम्मा विड्या वळते, नायना, म्हणजे वडील, टॉवेलच्या कारखान्यात चाळीस वर्षं माग चालवून आता घरी. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेत, समोर उभं राहून ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मुलगा फुटबॉल खेळून पैसे मिळवतो हे त्यांना ठाऊक होतं, पण पैसे नेमके कशाचे हे अकरा वर्षांत त्यांना कळलेलं नव्हतं. गोल किती केलेस, हा त्यांचा एकच प्रश्न. अकरा वर्षांत मिळून सात, हे माझं उत्तर. त्यावर ते काही बोलायचे नाहीत.

घरी येऊन चारच दिवस झाले होते तेव्हा सर आले. हे आमचे शाळेचे पीटीचे सर, आता निवृत्त, पण पूर्व भागातल्या पोरांचा संघ अजून तेच चालवतात. शाळेच्या मैदानावर निमंत्रितांची स्पर्धा होती, पोरं फायनलला पोचली होती, समोर कोल्हापूरचा संघ. “करार संपलाय ना? मग ये की. पाच हजार देतील.” एरवी करार चालू असताना असं बाहेर खेळणं चालत नाही. बंगालमध्ये याला ‘खेप’ म्हणतात आणि क्लबला कळलं तर भारी पडतं. पण जून महिन्यात मी कुणाचाच नव्हतो. हो म्हटलं.

कोल्हापूरचा संघ म्हटल्यावर आपल्याकडे लोक आधीच निम्मे हरतात. तिथं पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियम भरलेलं, पोरं बूट घालायच्या आधी शिव्या शिकतात. आपल्याकडं काय? चार शाळा, दोन मैदानं आणि क्रिकेटमधून उरलेली वेळ. तरी त्या दिवशी गर्दी होती. मैदानाच्या कडेला सतरंज्या टाकून बायका बसलेल्या, भिंतीवर पोरं. तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी, चारही भाषांत रेफ्रीचा उद्धार चाललेला. आणि तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर नायना. त्यांना कोण घेऊन आलं हे मला अजून माहीत नाही.

आता माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सहा नंबर. डिफेन्सच्या पुढं, बाकी सगळ्यांच्या मागं. बॉल यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागं बघून ठेवायचं, अर्धं अंग वळवून उभं राहायचं, आला की एका-दोन टचमध्ये देऊन टाकायचा. लेफ्ट बॅक हौसेनं वर गेला की त्याची जागा झाकायची. हवेतल्या झटापटीतून सुटलेला बॉल, ज्याला आम्ही सेकंड बॉल म्हणतो, तो पडेल तिथं आधी जाऊन उभं राहायचं. समोरचा सुटतोय असं वाटलं तर मध्यरेषेजवळच त्याचा शर्ट ओढायचा आणि पिवळं कार्ड गुपचूप खिशात घालायचं. क्लबात जीपीएसचं जॅकेट घालून खेळवतात, त्यात माझे दहा-अकरा किलोमीटर भरायचे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यातलं काही नसतं. तिथं गोल कुणी केला एवढंच असतं, आणि फार तर रेड कार्ड.

सामना ४०-४० मिनिटांचा. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झालेला, काळी माती वरून सुकलेली आणि आतून चिकट. दर पाचव्या पावलाला बुटाखाली अर्धा किलो चिखल. आमचा गोल बाराव्या मिनिटाला झाला. त्यानंतर कोल्हापूरकरांनी आम्हाला आमच्याच अर्ध्यात कोंडून ठेवलं. पण त्यांची मधली वाट बंद होती, आणि ती मी बंद केली होती हे मला कळत होतं, त्यांच्या दहा नंबरला कळत होतं, आणि बहुतेक बाकी कुणाला नाही. दहा नंबर मला म्हणाला, “भावा, जरा बाजूला सरक की, किती चिकटतोस?” मिडफिल्डरला याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

एकसष्टाव्या मिनिटाला घोटाळा झाला. त्यांचा एकजण लांब बॉलवर सुटला. आमचा गोलकीपर आयटीआयला शिकणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, तीन सामन्यांत एकही गोल न खाल्लेला. तो बॉक्सच्या, म्हणजे गोलीला हात वापरता येतो त्या चौकटीच्या, बाहेर आला आणि दोन्ही हातांनी बॉल अडवला. नक्की होणारा गोल हातानं अडवलाय म्हटल्यावर थेट रेड. रेफ्रीला दुसरा मार्गच नव्हता. पोरगा तिथंच गुडघ्यांवर बसून रडायला लागला.

आमच्या पाचही बदल्या संपल्या होत्या. शेवटची दोनच मिनिटांपूर्वी, राइट बॅकच्या पोटऱ्यांत गोळे आले म्हणून. तसाही राखीव गोली एमआयडीसीत सेकंड शिफ्टला होता. म्हणजे मैदानावरच्या दहांपैकीच कुणीतरी ग्लोव्ह्ज घालायचे. सगळे एकमेकांकडं बघायला लागले आणि मग माझ्याकडं.

“अण्णा, तुम्ही प्रोफेशनल आहात.”

मी सरांकडं धावलो. “सर, मी मधून हललो तर मध्ये कोण?”

“मध्ये कुणीपण उभा राहील बे,” सर म्हणाले. “गोलात डोकं लागतं.”

अकरा वर्षांचं करिअर, आणि ज्यांनी मला शिकवलं त्यांचं हे मत. रागानं नाही, पण काहीतरी झालं मला त्या वेळी. वाद घालायला वेळ नव्हता. रेफ्रीला सांगितलं, पोराचा ओला जर्सी डोक्यातून घातला, तो मांडीपर्यंत आला. ग्लोव्ह्ज दोन बोटं मोठे.

समोर फ्री किक, वीस यार्डांवर. किक अडवायला खेळाडूंची जी भिंत लावतात, तीत आजवर मी उभा राहिलो होतो, ती लावली कधी नव्हती. खांबाला टेकून एक डोळा मिटून मापं काढतोय तोवर लोक हसायला लागले. किक भिंतीतल्या कुणाच्या तरी खांद्याला लागून उडाली, माझ्या हातांतून निसटली, छातीवर आपटली आणि मी तिच्यावर पालथा पडलो. मैदान असं ओरडलं की मला वाटलं गोलच झाला. तो जल्लोष होता, माझ्यासाठी. सेकंड डिव्हिजनमधल्या सगळ्या सामन्यांची बेरीज केली तरी एवढा आवाज माझ्या नावानं झाला नसेल.

उठलो आणि समोर बघितलं. एरवी मी मैदानाच्या पोटात असतो, सगळीकडून माणसं अंगावर येत असतात. इथून ते पाटावर मांडल्यासारखं दिसत होतं. आणि बरोबर मध्ये, आमच्या डिफेन्सच्या पुढं, एक भोक होतं. घरातलं कपाट हलवल्यावर भिंतीवर त्याच्या आकाराचा डाग राहतो, तसं. आमचे आठ जण दमून मागं सरकलेले, स्ट्रायकर एकटा पुढं, आणि मधल्या त्या जागेत कोल्हापूरचा दहा नंबर बॉल घेऊन आरामात वळत होता. साठ मिनिटांत त्याला एकदाही वळायला मिळालं नव्हतं. आता पाच मिनिटांत तीनदा वळला. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो : “मध्ये! मध्ये उतर! त्याला वळू देऊ नको!” आमच्या उजव्या विंगरला दोन पावलं आत बोलावलं, स्टॉपरला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, पुढं ढकललं. भोक थोडं बुजलं, पण फार नाही. सरांनी हे बघितलं का, मला ठाऊक नाही. ते घड्याळ बघत होते.

त्या एकोणीस मिनिटांत माझे हात बॉलला चारदा लागले. पहिला तो फ्री किकचा. दुसरा एक गुळमुळीत हेडर. तिसरा खरोखर चांगला : त्यांचा विंगर आत वळताना तो कुठं मारणार हे मला त्याच्या उभ्या पायावरून दिसलं आणि मी आधीच तिकडं पडलो. यात गोलकीपिंग काही नव्हतं, मिडफिल्डरची चोरी होती. लोकांना मात्र ती झेप वाटली. याच्या मधेच एकदा आमच्या स्टॉपरनं घाबरून मला बॅकपास दिला. १९९२ पासून तो हातात घेता येत नाही. मी तो पायानंच थांबवला, अंगावर आलेल्या स्ट्रायकरला चकवलं आणि चाळीस यार्डांवर लेफ्ट विंगरच्या पायात बॉल ठेवला. त्या दिवसातलं माझं सर्वांत चांगलं काम तेच. टाळी एकही नाही. उलट कुणीतरी ओरडलं, “ए, नाटक नको, उडव!”

चौथ्या वेळी माती झाली. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट, कॉर्नर. मी बाहेर आलो, बॉलला ठोसा मारायला हात उंचावला, आणि माझ्यापेक्षा अर्ध्या फुटानं उंच माणसाच्या डोक्याला लागून बॉल माझ्या बोटांवरून आत गेला. १-१. चूक माझीच. तो बॉल आमच्या पोरानं डोळे मिटून घेतला असता.

जादा वेळ नव्हता, थेट टायब्रेकर. त्यांच्या पाच किक्स. किक होईपर्यंत एक पाय रेषेवर हवा, हे रेफ्रीनं मला दोनदा बजावलं. तो पाय मी इमानदारीनं ठेवला आणि पाचही वेळा उलट्या बाजूला पडलो. त्यातली एक त्यांनीच बारवरून मारली. आमची तिसरी किक मी ग्लोव्ह्ज न काढताच मारली, गोल झाला, आणि भिंतीवरची पोरं खाली उड्या टाकून मैदानात आली. पण आमच्या दोघांच्या चुकल्या. ४-३. हरलो.

बक्षीस समारंभात आधी भाषणं, मग उत्कृष्ट स्ट्रायकर, उत्कृष्ट डिफेंडर. उत्कृष्ट मिडफिल्डर असा कपच या स्पर्धेत नव्हता. बऱ्याच स्पर्धांत नसतो. मग उत्कृष्ट गोलरक्षक, आणि माझं नाव. मला वाटलं चेष्टा आहे. आयोजक कानात म्हणाले, “घ्या की, पब्लिकचा आग्रह आहे.” कोल्हापूरचा गोलकीपर, ज्यानं दोन पेनल्टी अडवल्या होत्या, तो माझ्याकडं असा बघत होता की मी मान खाली घातली. दहा नंबर तेवढा हसत होता.

आमचा पोरगा मैदानाच्या टोकाला बुटाचा चिखल काडीनं काढत बसला होता. कप त्याच्यापुढं धरला. “तीन सामने तू काढलेस.”

“नको अण्णा. रेड मिळाल्यावर कुणी कप घेतं का?” कपात अकराशे रुपयांचं पाकीट होतं, ते मात्र त्यानं घेतलं.

नायनांना मागं बसवून घरी निघालो. हैदराबाद रोडला लागेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग माझ्या खांद्यावर बोट टोचून मोठ्यानं म्हणाले, “त्रेपन्न.”

“काय त्रेपन्न?”

“गोलात जायच्या आधी तुझा पाय त्रेपन्न वेळा लागला.”

त्यांना गर्दीचा आवाज येत नव्हता, नियम माहीत नव्हते, म्हणून ते मोजत बसले होते. चाळीस वर्षं मालावर मजुरी घेतलेला माणूस दुसरं काय करणार? मी गाडी कडेला घेतली, वळून त्यांच्याकडं बघत ओरडून विचारलं, “आणि गोलात?”

“चार. तिथं नुसता उभाच होतास.” थोडं थांबून, “पैसे किती देणार?”

“पाच हजार.”

ते हिशेब करत राहिले. गाडी पुन्हा सुरू केली. घरकुलाच्या कमानीपाशी आलो तेव्हा मागून आवाज आला, “एका पायाला चौऱ्याण्णव रुपये पडले. टॉवेलला एवढे कधी मिळाले नाहीत.” आणि मग, “पण शेवटी मध्ये कुणीच नव्हतं रे. तिथूनच आले ते.”

पाच हजारातले तीन मिळाले, उरलेले दिवाळीनंतर देतो म्हणालेत. कपात अम्मानं विड्या बांधायच्या दोऱ्याची रिळं ठेवलीत. बसतात बरोबर.