आखूड ब्लेडची बॅट नेटमध्ये वापरताना: माझा अनुभव

आखूड ब्लेड, लांब हँडल अशा बॅटचा विषय निघाला की मॅथ्यू हेडनचं नाव येतंच. 2010 च्या आयपीएलमध्ये दिल्लीविरुद्ध 43 चेंडूंत 93 धावा करताना त्याने मंगूस नावाची अशीच बॅट वापरली होती. ती खेळी बघून अशी बॅट घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. पण नेटमध्ये उभं राहिलं की सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं: हँडलवर हात नेमके कुठे ठेवायचे.

माझी बॅट एकूण 85 सेंमी. ब्लेड 43, हँडल 42. नेहमीच्या शॉर्ट हँडल बॅटचं ब्लेड साधारण 55-56 सेंमी असतं. वजन 1180 ग्रॅम, म्हणजे इतर बॅटींइतकंच, पण सगळं लाकूड खालच्या टोकाला साठल्यामुळे पिकअप, म्हणजे बॅट उचलताना हाताला लागणारं वजन, जड लागतो. विकत घ्यायच्या आधी टेप लावून मोजाच. नियमाप्रमाणे लांबी 96.52 सेंमी, रुंदी 10.8, जाडी 6.7 आणि कडा 4 सेंमी यांच्या पुढे जाता कामा नये, आणि मोठ्या मापाच्या बॅटचं हँडल एकूण लांबीच्या 52 टक्क्यांपेक्षा जास्त नको. माझ्या बॅटचं जवळपास 49 टक्के भरतं. ब्लेड लाकडाचंच हवं. 1979 मध्ये पर्थला ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, त्यानंतर तशी सोय राहिली नाही.

नॉकिंगला, म्हणजे नवी बॅट तेल लावून आणि ठोकून तयार करायला, नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. कच्चं जवसाचं तेल चमचाभर, पुढच्या बाजूला, कडांना आणि टोला, म्हणजे बॅटच्या खालच्या टोकाला. स्प्लाइसला, म्हणजे हँडल ब्लेडमध्ये बसवलेल्या जोडाला, तेल अजिबात नको, डिंक सुटतो. दिवसभर बॅट आडवी ठेवायची. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा तेलाच्या एका हातावर थांबा. तेल जास्त झालं की लाकूड मऊ आणि जड होतं. मग लाकडी हातोडी. जाड कडांवर तिरपे, हलके घाव घालत त्या गोल करून घ्यायच्या. जाडी बघून कडा पक्क्या आहेत असं समजू नका, सीझनचा (चामड्याचा) बॉल पहिला तिथेच खड्डा पाडतो.

पहिल्या नेटला बॉलर नकोच. 10-12 मीटरवरून थ्रोडाऊन, म्हणजे कुणीतरी हाताने फेकलेले बॉल, घ्या, बॉलला पांढरा खडू चोळून. दर पाच-सहा बॉलनंतर ब्लेड बघायचं आणि पुसायचं. खडूचे ठिपके खोटं बोलत नाहीत. मधल्या पट्ट्यात गोळा झाले तर ठीक. वरच्या खांद्याजवळ किंवा हँडलच्या ग्रिपवर पांढरं दिसलं तर थांबा, कारण पुढचा बॉल बोटांवर येणार.

हे का होतं? ग्लोव्ह्ज घातलेले दोन हात हँडलची 22-24 सेंमी जागा घेतात. हात अगदी वर धरले की खालच्या हातापासून ब्लेडपर्यंत 18-20 सेंमी नुसतं हँडल उरतं. नेहमीच्या बॅटला तिथे 10.8 सेंमी रुंद लाकूड असतं, इथे जेमतेम साडेतीन सेंमीची दांडी. पुढे पडलेला बॉल मस्त जातो, यॉर्करलाही टो वेळेत पोचतो कारण बॅटची एकूण लांबी तेवढीच आहे. पण लेंथवरून उठून बरगड्यांकडे येणारा बॉल दांडीवर लागतो किंवा सरळ आत घुसतो.

हात खाली, ब्लेडला टेकून धरले तर बचाव सुधारतो, पण तेवढीच 18-20 सेंमी पोच कमी होते. यॉर्करला गुडघे जास्त वाकवावे लागतात, आणि वर उरलेलं हँडलचं टोक फॉरवर्ड डिफेन्सला पुढच्या हातावर, पुल मारताना पोटात आपटतं. दोन्हींच्या मधे धरून बघितलं तर दोन्हीकडचे तोटे पदरात पडतात. माझं मत स्पष्ट आहे: फटक्यासाठी वर, अंगावर येणाऱ्या बॉलसाठी खाली, आणि हात कुठे धरायचे ते बॉलर धावायला लागण्याआधी ठरवायचं. बॉल सुटल्यावर हात सरकवायला वेळ नसतो.

बॉलर आले की आधी त्यांनाच सांगा, सरळ फटका छातीच्या उंचीने परत येतो. शास्त्रीनगरसारख्या मैदानावर शेजारी टेनिस बॉल चालू असतो, पोरं मधून पळत असतात. नेटचं बॉलरमागचं तोंड बंद असल्याशिवाय उंच मारू नका. स्टंपपासून 6-8 मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारून बॉलरला त्यांच्या मधे टाकायला लावा, कारण बॅटची खरी परीक्षा त्याच पट्ट्यात होते. हाफव्हॉली कुठल्याही बॅटने जाते. सिमेंटवर काथ्याचं मॅटिंग असेल तर उसळी जास्त मिळते आणि ही बॅट आहे त्याहून वाईट वाटते. टर्फवर खेळल्याशिवाय निकाल देऊ नका.

टेनिस बॉलच्या ओपन स्पर्धांसाठी मी ही कुणाला सुचवणार नाही. तो बॉल उंच उसळतो, म्हणजे नेमका दांडीच्या पट्ट्यात येतो. सीझनच्या बॉलवरही सहा-सातव्या क्रमांकावर, षटकं संपत आल्यावर तिचा उपयोग. सलामीवीराने नेहमीची बॅट सोडू नये.

नेट संपल्यावर टो कोरड्या फडक्याने पुसा. हिवाळ्यात सकाळी मॅटिंग दवाने भिजलेलं असतं आणि टो फुगतो. मग हँडल आणि ब्लेडच्या जोडावरून नख फिरवा. लांब हँडल वाकतं जास्त, त्याचा सगळा ताण तिथे येतो. दोरा सैल लागला किंवा बॉल लागताना आवाज बद्द यायला लागला तर लगेच कारागिराकडे द्या, तेव्हा नुसत्या बांधणीवर भागतं. चीर स्प्लाइसमध्ये उतरली की हँडलच बदलावं लागतं, आणि या मापाचं हँडल बाजारात तयार मिळत नाही.