भाड्याची फॉर्म्युला गाडी: कोल्हापुरातून कोइमतूरच्या ग्रिडपर्यंत

मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट, म्हणजे छोटी उघडी रेसगाडी, चालवून हात बसला की कोल्हापूरच्या पोराला पुढचा प्रश्न पडतोच. गिअरची, एका सीटची खरी रेसकार कुठे मिळणार? त्यासाठी कोइमतूर नाहीतर चेन्नई गाठावी लागते. मी कोइमतूर धरलं. करी मोटर स्पीडवे जेमतेम दोन-सव्वादोन किलोमीटरचा आहे, त्यामुळे वळणं लवकर पाठ होतात आणि एका सरावसत्रात लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, जास्त मिळतात.

गाडी एलजीबी फॉर्म्युला ४. लोखंडी पाइपांची चासी, म्हणजे सांगाडा, पाठीमागे मारुती स्विफ्टचं १३०० सीसी पेट्रोल इंजिन, एच पॅटर्नचे हाताने टाकायचे गिअर. गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख नाहीत, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. "स्विफ्टचंच इंजिन व्हय?" असं म्हणून आपल्याकडे नाक मुरडतात. वजन रस्त्यावरच्या स्विफ्टच्या जवळपास निम्मं आणि बूड जमिनीपासून चार बोटांवर, हे त्यात धरत नाहीत. ट्रॅकला ज्यांचं नाव आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती बनवली होती. ही गाडीही त्याच विचाराची: रोजच्या गाडीचे भाग, सगळ्यांना सारखं यंत्र.

भाडं ठरवताना एकरकमी आकडा ऐकून भुलू नका. त्यात गाडी, मेकॅनिक आणि तंबूतली जागा असते. पेट्रोल, टायर, एन्ट्री फी आणि सरावाची सत्रं कधी धरलेली असतात, कधी नसतात. मी दोन गोष्टी लेखी मागून घेतल्या. एक, नुकसानीची दरपट्टी: नोज कोन (गाडीचं पुढचं टोक), सस्पेन्शनचा आर्म, रिम, रेडिएटर, प्रत्येकाची किंमत आणि डिपॉझिटमधून जास्तीत जास्त किती कापणार. दोन, इंजिनची जबाबदारी. इंजिन आपोआप गेलं तर टीमचं, चुकीचा गिअर टाकून फिरवलं तर आपलं, असाच बहुतेक ठिकाणी रिवाज असतो. चौथ्यातून तिसऱ्याऐवजी चुकून पहिला पडला की चाकंच इंजिनला मर्यादेपलीकडे फिरवतात. तिथे रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, तो फक्त ॲक्सिलरेटरने वाढणारे आरपीएम अडवतो. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडले की बिल भाड्यापेक्षा मोठं होतं.

लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाचं लागतं. अर्ज ऑनलाइन; सोबत फोटो, वयाचा पुरावा, रक्तगट आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. कोल्हापुरातला फॅमिली डॉक्टर "रेससाठी?" म्हणून चष्मा खाली ओढून बघतो, पण तपासणी साधीच असते. एवढं काम महिनाभर आधी उरकावं.

हेल्मेटवर मात्र काटकसर नको. मोटारसायकलचं हेल्मेट चालत नाही, मग ते कितीही महाग असो. त्याचं अस्तर आगीसाठी तपासलेलं नसतं आणि मान सांभाळणाऱ्या हान्सचे पट्टे अडकवायला त्यात खुंट्या नसतात. स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९ चा शिक्का बघून घ्यावं. सूट, हातमोजे, बूट भाड्याने मिळतात. आतून सुती किंवा नोमेक्सचंच काहीतरी घाला. नायलॉन आणि पॉलिस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. बूट पातळ तळव्याचे हवेत, कारण पेडल एकमेकांना इतके खेटून असतात की स्पोर्ट्स शूज घातला तर ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दबतो.

आता सीट. नवखे सगळ्यात कमी वेळ इथे घालवतात आणि मग दोन दिवस त्याचीच किंमत मोजतात. भाड्याच्या गाडीत आधीच्या ड्रायव्हरच्या मापाचा फोम असतो. तो ढिला असेल तर वळणावर अंग सरकतं, मग आपण स्टिअरिंग धरून स्वतःला सावरतो आणि चाकांकडून हाताला येणारी जाणीव हरवते. म्हणून दोन द्रवांचा पॉलियुरेथेन फोम ओतून घ्यायचा. सूट आणि बूट घालून बसायचं, पाठीमागे कचऱ्याच्या दोन जाड पिशव्या एकात एक घालून ठेवायच्या, मेकॅनिक द्रव मिसळून आत ओततो. मिनिटभरात फोम फुगायला लागतो आणि पाठ चांगलीच तापते. त्या वेळी खांदे मागे, कंबर अगदी तळाला टेकलेली, हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर हवेत. सैल बसलात तर फोम तुम्हाला वर उचलतो आणि हेल्मेट रोल हूपच्या, म्हणजे डोक्यामागच्या संरक्षक कमानीच्या, वर जातं. मग स्क्रूटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, गाडी अडते. फोम घट्ट होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं हलायचं नाही. नंतर कडा कापून, बेल्टच्या फटी मोकळ्या करून वरून कापडी टेप गुंडाळायचा.

फोम बसला की पेडल जुळवायचे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे आणि क्लच तळापर्यंत गेला पाहिजे. बेल्टचा क्रम ठरलेला: आधी कमरेचा, हाडांवर खाली ओढून, मग मांड्यांमधले, शेवटी खांद्याचे, हान्सच्या वरून. खांद्याचे आधी ओढले तर कमरेचा पोटावर चढतो आणि धडक बसल्यावर आतडी दुखावतात. स्टिअरिंग काढून, बेल्ट सोडून काही सेकंदांत बाहेर पडण्याचा सराव डोळे मिटून करावा. आगीत, धुरात काही दिसणार नसतं.

कार्टवर रेषा आणि नजर शिकता येते, पण काही सवयी मोडाव्या लागतात. भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टला मागचा ॲक्सल एकसंध असतो, ब्रेक फक्त मागे असतो. त्यामुळे तिथे वळताना ब्रेक धरला की मागचं गरकन फिरतं. फॉर्म्युला गाडीत ब्रेक चारही चाकांना आणि जास्त जोर पुढच्यांना असतो. पायाचा जोर वाढवणारा सर्वो नसल्यामुळे पहिल्या सत्रात ब्रेक लाकडासारखा लागतो. आख्ख्या पायाने ढकलावा लागतो. पहिला धक्का जोरात, मग वेग उतरेल तसा पाय हलका करायचा. उलटं केलं, म्हणजे आधी हळू आणि वळणाजवळ घाबरून जोरात, तर पुढचं चाक लॉक होऊन टायर एका जागी घासतो. असा सपाट डाग पडलेला टायर पुढे प्रत्येक फेरीत थरथरतो आणि त्याचं बिल आपल्या नावावर चढतं.

गिअर उतरवताना ब्रेक दाबलेला असतानाच टाचेने ॲक्सिलरेटरला टोला द्यायचा आणि आरपीएम जुळले की क्लच सोडायचा. तसं केलं नाही तर मागची चाकं क्षणभर अडकतात आणि गाडी गिरकी घेते. हा सराव शिरोलीच्या सिग्नलवर नको. सकाळी रिकाम्या रस्त्यावर, सरळ रेषेत, आपल्याच गाडीत करता येतो. गिअर टाकताना दांडा मुठीत आवळू नका, तळव्याने ढकला. मुठीने ओढलेला गिअरच चुकतो.

कोल्हापूर ते कोइमतूर साधारण हजार किलोमीटर. बेंगळुरूपर्यंत पुण्याहून येणारा हायवे ४८, मग सेलमपर्यंत ४४, पुढे ५४४. गुरुवारी मुक्कामाला पोचून झोपावं. रात्रभर गाडी हाकून सकाळी सराव करण्यात अर्थ नाही. शुक्रवारी सराव, शनिवार-रविवार क्वालिफाइंग (लॅपच्या वेळेवरून स्टार्टची जागा ठरते ते सत्र) आणि रेस, असा बहुतेक वेळा बेत असतो. तीन थरांच्या सुटात घाम प्रचंड जातो, म्हणून आदल्या दिवसापासून मीठ-साखरेचं पाणी सुरू ठेवावं. तांबडा-पांढरा परत आल्यावर.

स्क्रूटिनीत हेल्मेट, सूट, हान्स आणि बेल्टची तारीख बघतात. वजन गाडी आणि ड्रायव्हर मिळून मोजतात. बारीक माणसाच्या गाडीला शिसं बोल्टने बसवतात. ड्रायव्हर्स ब्रीफिंगला हजेरी लागते, चुकवली तर दंड. झेंडे तोंडपाठ हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे म्हणजे थांबण्याच्या तयारीने चालवा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळ्यावर केशरी गोल आणि आपला नंबर दिसला तर गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी मेकॅनिक असतात तिथे, या. नवख्याला सगळ्यात जास्त निळा दिसतो. तो दिसला म्हणून रेषा सोडून बाजूला पळू नका. मागचा वेगवान आहे, तो जागा शोधतो. तुम्ही अचानक हललात तर तोच तुमच्यावर येतो.

सरावात पहिल्या दोन लॅप टायर आणि ब्रेक तापवायला द्याव्यात. गार टायरची पकड फसवी असते. टायरमधली हवा दहा अंश सेल्सिअसने तापली की दाब साधारण एक-दीड पीएसआय चढतो, म्हणून गाडी आत आल्या आल्या मेकॅनिकला दाब मोजू द्या आणि तोच आकडा वहीत लिहा. त्याला "गाडी बरोबर नाही" एवढंच सांगून उपयोग नाही. कोणतं वळण, आत शिरताना, मध्ये की बाहेर पडताना, आणि पुढचं सरकतं की मागचं, हे सांगावं. तमिळ येत नसलं तरी बोटांनी वळण काढून दाखवलं की भागतं.

क्वालिफाइंगमध्ये मी पुढच्या गाडीपासून अंतर सोडूनच लॅप सुरू केला. चिकटून गेलं तर सरळ भागात वाऱ्याचा आडोसा मिळतो, पण नवखा त्याच्या ब्रेकच्या ठिकाणी ब्रेक करतो, स्वतःच्या नाही.

स्टार्ट उभ्यानेच. फॉर्मेशन लॅपमध्ये, म्हणजे रेसआधीच्या रांगेतल्या फेरीत, ब्रेक तापवायचे, ग्रिडवर, म्हणजे स्टार्टच्या रांगेत, आपल्या खुणेत थांबायचं, पहिला गिअर आधीच टाकून ठेवायचा. लाल दिवे विझेपर्यंत क्लच पूर्ण दाबलेलाच हवा. अर्धवट सोडून धरला तर प्लेट जळते आणि गाडी सरकली तर जम्प स्टार्टचा दंड होतो. दिवे विझल्यावर क्लच एकदम सोडला की एकतर चाकं जागेवर फिरतात, नाहीतर इंजिन बंद पडतं. बंद पडलं तर दोन्ही हात वर, म्हणजे मागच्यांना कळतं. पहिल्या वळणाला सगळे आत घुसतात. मी नेहमीपेक्षा आधी ब्रेक केला आणि बाहेरून फिरलो. जागा दोन गेल्या असतील, नोज कोन शाबूत राहिला.

पुढे गिरकी आली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरायचे. इंजिन चालू राहतं आणि गाडी एका रेषेत घसरत थांबते, त्यामुळे मागच्यांना चुकवता येतं. ब्रेक सोडलात तर ती अर्ध्यात पकड घेऊन भलतीकडे उडी मारते. लॅप मोजत बसू नका, त्यासाठी टीम पिटमधून बोर्ड दाखवते. बाकी रेसभर काम एकच: दर फेरीला ब्रेक त्याच खुणेवर. मनगटं थकली की खुणा पुढे सरकायला लागतात, आणि बहुतेक नवखे शेवटच्या तीन-चार लॅपमध्ये बाहेर जातात ते त्यामुळेच.

रेस संपल्याच्या चेकर्ड झेंड्यानंतर एक थंड लॅप, गिअर वरचा, ब्रेक कमी. पार्क फर्मेमध्ये, म्हणजे रेसनंतर गाड्या तपासणीसाठी अडवून ठेवतात तिथे, गाडी सोडून थेट वजनकाट्यावर जायचं; वाटेत पाण्याची बाटली घेतली तरी हरकत निघू शकते. गाडी परत मिळाल्यावर मेकॅनिकबरोबर तिच्याभोवती एक चक्कर मारा आणि रिमच्या आतल्या कडा, खालची प्लेट, आर्मचे जोड यांचे फोटो तिथेच काढा. हिशेब तंबू उतरायच्या आधी करा. आणि फोम कापून फेकू देऊ नका. त्यावर मार्करने नाव घालून टीमच्या ट्रकमध्ये ठेवायला सांगा, पुढच्या राउंडला शुक्रवारचा अर्धा दिवस वाचतो.