‘पाच वर्षांनी कुठे असशील?’

मुलाखतीतल्या या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आयटीआय झालेली मुलं, कधी त्यांचे वडील, फोन करतात. “काका, ‘आमच्याच कंपनीत का यायचंय’, ‘पाच वर्षांनी कुठे असशील’ असं विचारलं तर काय सांगायचं?” चाकणला कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात काम करतो, मुलाखती घ्यायलाही बसतो, म्हणून मला विचारतात.

नवा मुलगा आला की काही महिने एक जुना माणूस त्याच्यामागे अडकतो. ड्रॉइंग वाचायला शिकवा, माप तपासायचं गेज धरायला शिकवा, माल नापास का झाला ते दाखवा. हात बसतो न बसतो तोच पोरगं दोन हजार जास्तीसाठी शेजारच्या कंपनीत जातं. त्याचा मला राग येत नाही, घरी पैसे लागतात. पण आम्ही हे प्रश्न विचारतो ते या धास्तीपोटी. हा टिकेल का, आणि टिकला तर शिकेल का, एवढंच आम्हाला हवं असतं.

एकदा बार्शीकडचा एक फिटर आला होता. पहिल्याच प्रश्नाला इंग्रजीतलं पाठ केलेलं वाक्य, ‘आय वॉन्ट टू ग्रो विथ द ऑर्गनायझेशन’. सकाळपासून ते चौथ्यांदा ऐकत होतो. पोराच्या कपाळावर घाम. मी म्हटलं, राहू दे, मराठीत बोल. टेबलावरची लोखंडी पिन आणि जाडी मोजायचा व्हर्नियर त्याच्यापुढे सरकवला.

त्याने आधी रुमालाने व्हर्नियरचे जॉ, म्हणजे वस्तू धरायचे जबडे, पुसले. मग ते मिटवून उजेडाकडे धरले, शून्य जुळतंय का पाहिलं आणि मगच पिन धरली. शून्य कोण बघतं हो घाईत? विचारलं, ही सवय कुठली?

“मामाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. एकदा मी शून्य न बघता माप दिलं. पंचवीस मिलिमीटरचं बेअरिंग आणि शाफ्ट उतरला 24.94 ला, म्हणजे बारीक. बेअरिंग शाफ्टवरच फिरायला लागलं. गिऱ्हाईक परत आलं, मामाने शाफ्ट नवा करून दिला. मला काही बोलला नाही.”

मग इथे का यायचंय?

“इथे मायक्रॉनात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. मामाकडे तेवढं शिकता येणार नाही.”

पाच वर्षांनी?

“सीएमएम, ते बारीक मापं घ्यायचं मोठं मशीन, चालवायचंय.” जरा थांबून म्हणाला, “डिप्लोमापण करायचाय. पण बहिणीचं लग्न आहे, दोन वर्षं तरी पगार लागणारच.”

पोरांनो, हेच सांगा. पगार हवाय हे सांगायला लाजू नका, फक्त तेवढ्यावर थांबू नका. आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं हे आम्हालाही माहीत आहे, तेव्हा पुढे शिकायचा बेत लपवू नका. ‘मॅनेजर होणार’ म्हणण्यापेक्षा कुठलं मशीन, कुठलं काम शिकायचंय त्याचं नाव घ्या. आणि ते नाव सापडत नसेल तर मुलाखतीच्या आदल्या रात्री उत्तरं पाठ करू नका. वर्कशॉपमध्ये, शेतात, मामाच्या दुकानात आपल्या हातून काय बिघडलं आणि काय जमलं ते आठवत बसा.

बार्शीच्या मुलाचं नाव मी त्याच दुपारी एचआरला दिलं. उठताना त्याने व्हर्नियर डबीत ठेवला, दोन्ही जॉ जरासे उघडे ठेवून, ठेवायचा असतो तसा. कुणी सांगितलं नव्हतं.