दगडूने पुन्हा वरच कात टाकली: तीन कोसळलेली बिळे आणि १३ टक्क्यांची चूक

दगडूने, म्हणजे माझ्या टाकीतल्या शंखात राहणाऱ्या खेकड्याने, कात टाकली त्याला आज अकरा दिवस झाले. याही वेळी ती रेतीच्या वरच टाकली गेली, गोड्या पाण्याच्या ताटलीपासून जेमतेम वीतभर अंतरावर. मागील नोंदीत मी मोठ्या खात्रीने लिहिले होते की रेतीचा थर १५ सेंटीमीटरवरून २५ सेंटीमीटर केल्यावर तो कात टाकायला आपोआप रेतीखाली जाईल. माझ्या त्या लिखाणावरून ज्यांनी आपापल्या टाक्यांत रेती वाढवली त्यांचे नुकसान काही झाले नसेल, कारण खोल थर केव्हाही चांगलाच. पण दगडूच्या अडचणीचे कारण खोली नव्हते, हे आता स्पष्ट झाले आहे आणि ते विधान मी मागे घेते.

लक्षणे आधीच्या पंधरवड्यातच दिसू लागली होती. डोळ्यांवर धुरकट पडदा आला, पायांचा रंग राखेसारखा झाला, मिशांची फडफड मंदावली आणि तो दोन्ही ताटल्यांमधून, गोड्या आणि खाऱ्या, वरचेवर पाणी घेऊ लागला. उजव्या बाजूच्या तुटलेल्या पायाच्या जागी आलेला जेलीसारखा कोंब फुगून पारदर्शक झाला तेव्हा दिवस भरत आल्याची खात्री पटली. त्यानंतर सलग तीन रात्री त्याने खणले आणि तिन्ही सकाळी तो पुन्हा वर बसलेला आढळला. चौथ्या दिवशी त्याने खणणे सोडून दिले.

तो अर्धवट बाहेर येऊन निपचित पडल्यावर मी त्याला उचलले नाही. या अवस्थेत उचलून वेगळ्या टाकीत ठेवण्याचा सल्ला अनेकजण देतात, परंतु माझ्या मते धोका हलवण्यातच अधिक आहे. दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ आणि गळा कापून उरलेले नळकांडे त्याच्याभोवती रेतीत पाच सेंटीमीटर दाबून बसवले, आत ओले शेवाळ ठेवले, वरून जाळीचे कापड बांधले आणि भोवती काळा कागद गुंडाळून त्याला नखाएवढी झडप ठेवली. टाकीतली दुसरी खेकडी ठिपकी त्या रात्री दोनदा नळकांड्याला धडकून गेली. कात टाकणाऱ्या खेकड्याचा वास इतरांना ओढून आणतो आणि मऊ शरीर त्यांच्या नांग्यांपुढे टिकत नाही, त्यामुळे हे कुंपण एका तासाने जरी उशिरा बसले असते तरी आज ही नोंद निराळी असती.

रात्री अडीचच्या सुमारास, मंद लाल प्रकाशात, झडपेतून जे दिसले ते मी यापूर्वी कधीही पाहिले नव्हते. पाठीचे जुने कवच मागच्या बाजूने सुटले आणि त्या फटीतून फिकट, ओलसर गुलाबी शरीर शंखाच्या आतल्या दिशेने मागे सरकू लागले. दर मिनिटाला एखादा आचका, मग बराच वेळ काहीच नाही. पाय जुन्या नळ्यांतून कसे निघत असतील याची मला उत्सुकता होती. ते बोटातून घट्ट हातमोजा काढावा तसे थोडेथोडे, सांध्यापाशी अडत अडत निघाले. सर्वांत शेवटी डावी मोठी नांगी सुटली. एवढा रुंद पंजा इतक्या अरुंद सांध्यातून कसा येतो हे कोडे वाटते, परंतु कात टाकण्यापूर्वी नांगीतील स्नायू आक्रसतात म्हणूनच ते शक्य होते. पहाटे चारपर्यंत शंखाच्या तोंडाशी डोळ्यांच्या देठांसह, मिशांसह संपूर्ण पोकळ दगडू पडलेला होता आणि खरा दगडू आत दुमडून बसला होता.

नव्याने खेकडे पाळू लागलेल्यांसाठी येथे थोडे थांबते. असे पोकळ कवच पाहून खेकडा मेला असे समजणारे आणि ते उचलून फेकून देणारे दरवर्षी भेटतात. कवच फेकू नका, कारण नवे कवच कठीण करण्यासाठी लागणारे कॅल्शियम तो त्यातूनच परत मिळवतो. मृत खेकड्याला सडलेल्या मासळीची असह्य दुर्गंधी येते. ती येत नसेल तर वाट पाहणे हेच काम आहे.

आता मूळ प्रश्न, म्हणजे तो खाली का गेला नाही. सकाळी टाकीची मागची काच भिंतीपासून ओढून पाहिली तेव्हा काचेला लागूनच तीन खचलेले खड्डे दिसले, प्रत्येक पाच ते सात सेंटीमीटर खोल आणि प्रत्येकावर रेती ढासळून पसरलेली. म्हणजे त्याला जायचे होते, तो खणतही होता. छप्पर मात्र दर वेळी अंगावर येत होते. माझे मिश्रण पाच भाग रेती आणि एक भाग कोकोपीट असे नेहमीचेच आहे, आणि भरताना ते किल्ला करण्याजोगे ओले होते. मग ते वाळले कधी, आणि आर्द्रतामापक रोज ८० ते ८२ टक्के दाखवत असताना वाळले कसे?

येथे मापकाचाच संशय आला. झाकणभर मिठात थेंबथेंब पाणी घालून ओला गोळा केला आणि तो मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवला. साध्या मिठाच्या अशा संपृक्त गोळ्यावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, ही पडताळणी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मी मात्र ती नवा मापक घेताना एकदा करायची ती केलीच नव्हती. सकाळी काटा ८८ वर होता. म्हणजे ज्या हवेला मी ८० समजत होते ती प्रत्यक्षात ६७ च्या आसपास होती, आणि त्याच आकड्यावर विसंबून मी पाण्याची फवारणी कमी केली होती. काट्याच्या तबकडीचे मापक टाकीसाठी घेऊ नयेत असे माझे ठाम मत झाले आहे. संवेदक तारेने वेगळा असलेला डिजिटल मापक घ्यावा, आणि त्याचीही मिठाची परीक्षा दर दोन महिन्यांनी करावी. ज्या विक्रेत्याने हा मापक दिला त्यानेच मला पूर्वी रंगवलेले शंख आणि ओली होताच दगडासारखी घट्ट बसणारी कॅल्शियमची रेती दिली होती, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवे होते.

यावरून मी असा बेत केला होता की टाकीतला आणखी एक खेकडा छोटू वर आला की सगळी रेती उपसून नव्याने भिजवून भरावी. छोटू गेले ३७ दिवस पुढच्या डाव्या कोपऱ्यात खाली आहे, त्यामुळे वरून पाणी ओतणे अशक्य. ते तळाशी साचले तर तो पोकळीतच बुडेल. हा बेत मी या नोंदीत उतरवलाही होता. पण तो लिहितानाच असे मनात आले की छोटू तर याच टाकीत, याच हवेत, पहिल्याच प्रयत्नात खाली गेला आणि त्याची पोकळी काचेतून आजही शाबूत दिसते. मग दोष केवळ हवेचा कसा असेल?

लेखणी ठेवून मी बांबूची एक बारीक काडी घेतली. मागच्या बाजूला ती १४ सेंटीमीटर खाली जाऊनही कोरडी बाहेर आली. पुढच्या उजव्या कोपऱ्यात, छोटूपासून पुरेसे दूर, चौथ्या सेंटीमीटरपासूनच तिला ओली रेती चिकटू लागली. मागच्या काचेवर बाहेरून उष्णतेची चटई आहे, आणि रेतीचा थर वाढवताना ती वर सरकवण्याचे मला सुचलेच नाही. थर १५ वरून २५ झाला आणि चटईचा निम्म्याहून अधिक भाग रेतीच्या पातळीखाली गेला. हवेतला ओलावा कमी, त्यात मागून सतत ऊब. दगडूला खणण्यासाठी उबदार बाजूच आवडते, आणि नेमकी तीच बाजू मी माझ्या हातांनी भाजून काढली होती. खोली वाढवल्यावरही प्रश्न का सुटला नाही याचे उत्तर त्या वाढवण्यातच होते.

तेव्हा उपसण्याचा बेत रद्द. चटई आजच बाहेरून सोडवून रेतीच्या पातळीच्या वर चिकटवली आहे, त्यासाठी आत कोणाला हात लावावा लागला नाही. झाकणाच्या फटी बंद केल्या आहेत आणि शेवाळाचा आणखी एक ओला खड्डा केला आहे. खऱ्या आकड्याने हवा आता ७८ वर आहे, तापमान २७ अंश सेल्सिअस. मागची रेती हवेतून आणि शेजारच्या थरातून किती ओलावा ओढून घेते हे काडीने दर आठवड्याला मोजेन. दगडू हिंडू लागल्यावर पुढच्या उजव्या कोपऱ्यात अर्धी करवंटी तिरकी पुरून बिळाचे तोंड तयार करून ठेवण्याचा विचार आहे, म्हणजे सुरुवातीच्या काही सेंटीमीटरचे छप्पर तरी ढासळणार नाही. करवंटीऐवजी मातीच्या कुंडीचा तुकडा बरा की नाही यावर ज्यांचा अनुभव असेल त्यांनी अवश्य लिहावे. ओलावा धरण्याच्या दृष्टीने मला कुंडी अधिक योग्य वाटू लागली आहे.

अशक्तपणामुळेही काही खेकडे वर कात टाकतात, आणि पाय गमावलेल्या दगडूच्या बाबतीत ती शक्यता मी सोडून दिलेली नाही. परंतु तीन रात्री खणणारा खेकडा अशक्त होता असे म्हणायला माझे मन घेत नाही.

आज सकाळची स्थिती अशी: जुन्या कवचातले चालण्याचे तिन्ही पाय खाऊन झाले आहेत आणि पाठीचा निम्मा भागही संपला आहे. समुद्रफेनाचा चुरा आणि वाळलेली कोळंबी कडेला ठेवली आहे, त्याला त्याने अद्याप तोंड लावलेले नाही. डाव्या नांगीवर जांभळा रंग टोकाकडून भरत चालला आहे. कोंबाचा पाय उलगडला असून तो इतरांपेक्षा बारीक आणि फिकट आहे. सव्वासातला झडपेतून पाहिले तेव्हा दगडू ते नवे टोक रेतीवर टेकवून पाहत होता आणि पुन्हा आत ओढून घेत होता.