उलट्या कुंडीचं भोक

वासी उत्तरायणाच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारीला, बडोद्यातल्या कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरकडे जा, टेबलावर पक्षीच असतात. त्या दिवशी दुपारपर्यंत मी मांज्यानं कापलेली आठ कबुतरं आणि एक ढोकरी टाके घालून बाजूला ठेवली होती. हात धुऊन चहाचा पहिला घोट घेते तोच एक मुलगा गोधडीत गुंडाळलेली बादली घेऊन आत आला. मला वाटलं, घार असणार.

बादलीत मातीची आठ इंची कुंडी होती आणि तिच्या तळाच्या, पाणी निथळायच्या भोकातून अजगरासारखा एक जाडसर साप हातभर बाहेर आलेला होता. उरलेला साप कुंडीच्या आत.

सरपटणारा प्राणी म्हटलं की बडोद्यात आधी विश्वामित्री नदीतली मगर आठवते. पण ती पावसाळ्यातली गोष्ट, आणि ती वनखात्याची माणसं बघतात. ही बॉल पायथनची मादी होती, मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली अजगराची एक जात. मुलाला मी ओळखत होते. दिवाळीत तो हिला तपासायला घेऊन आला होता. सरकारच्या परिवेश पोर्टलवरची तिची नोंदणी तेव्हाच बघितली होती, कारण असे परदेशी प्राणी नोंदवण्याच्या 2024 च्या नियमांनंतर कागद पाहिल्याशिवाय मी असल्या प्राण्याला हात लावत नाही. आपला देशी अजगर तर घरात ठेवणं सरळ गुन्हाच आहे.

"मॅडम, मी ओढून बघितलं थोडं," तो म्हणाला. नेमकं तेच करायचं नसतं. सापाचे खवले कौलांसारखे मागच्या बाजूला झुकलेले असतात. पुढे सरकताना ते आड येत नाहीत, मागे ओढलं की कडेला अडकून उचकटतात. आणि पुढे तिला जाता येत नव्हतं, कारण पोटाचा जाड भाग अजून आतच होता. भोकाच्या पुढचं अंग सुजलं होतं, बोटात अंगठी रुतते तसं. उताणं करून पाहिलं तेव्हा पोटाच्या खवल्यांखाली हृदयाची बारीक उसळी दिसली, तेवढा धीर आला. अंग मात्र गार होतं. गार सापाच्या शरीरात गुंगीचं औषध कसं वागेल याचा भरवसा नसतो, म्हणून ते टाळलं.

कुंडी फोडायची, पण हातोडीनं नाही. हादरा थेट तिच्या बरगड्यांवर गेला असता. टाइल्सच्या कडा कुरतडायची पक्कड कडियाकडे, म्हणजे गवंड्याकडे, असते हे आठवलं, पण वासी उत्तरायणाला कडिया कामावर कसा असेल? तो आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर पतंग उडवत होता. खाली आला, साप बघून दारातच थबकला आणि म्हणाला, "बेन, करडशे तो नहीं ने?" चावणार तर नाही ना? मी डोकं टॉवेलात धरून ठेवते म्हटल्यावर तयार झाला.

कुंडी आधी कोमट ओल्या फडक्यात भिजत ठेवली. भिजलेल्या मातीची धूळ उडत नाही. मग काठापासून तळाकडे नखाएवढे तुकडे तोडत गेलो. भोकाजवळ आलो तेव्हा मधे सरकवायला जागाच नव्हती, चमच्याचा दांडाही जाईना. शेवटी जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापली, तिला लिक्विड पॅराफिन लावलं आणि ती माती नि कातडी यांच्यामधून हळूहळू फिरवली. पाऊण तास गेला. शेवटचं कडं टक् करून सुटलं आणि ती मुलाच्या हाताभोवती अशी आवळून बसली की सोडवताना पुन्हा वेळ गेला. चार खवले सोलवटले होते आणि अंगावर गोल वळ उठला होता. जखम पुसून मलम लावलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, सूज जाईपर्यंत तिच्या टाकीत काथ्याऐवजी कोरा कागद अंथरायला आणि दोन आठवडे खायला न द्यायला सांगितलं.

मग विचारलं, "कुंडी उलटी ठेवायचं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

दिवाळीनंतर फोनवर त्यानं लपायला काय ठेवू असं विचारलं होतं आणि मी घाईत म्हटलं होतं, घरातली एखादी कुंडी पालथी घाल. तळाच्या भोकाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानं काथ्याच्या थरावर कुंडी ठेवून एका बाजूला विटेचा तुकडा टेकू दिला होता, तेवढीच आत जायची वाट. रात्री तिनं काथ्या उकरला, वीट सरकली, कुंडी खाली बसली. दार बंद. ती होती टाकीच्या थंड बाजूला, बाहेर पारा बारा-तेरावर, आणि उजेड फक्त वरच्या भोकातून येत होता. ती दुसरं काय करणार?

पुढच्या रविवारी मी स्वतः त्यांच्या दांडिया बाजारातल्या घरी गेले. तोवर ती बुटांच्या खोक्यात होती, आणि खोकं वाईट नसतं. उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दिवस काढणारी ही जात. तिला ऐसपैस घर नको असतं, वेटोळं घातल्यावर चारी बाजूंनी भिंत अंगाला लागली पाहिजे. आजींनी लांबूनच श्रीखंडाचे दोन रिकामे डबे पुढे केले. माप बरोबर निघालं. एक हीटिंग मॅटच्या बाजूला, 31-32 अंशांवर, दुसरा थंड बाजूला. दोन्ही सारखेच, नाहीतर तिला ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं.

काठाला कमानीसारखं एकच दार कापलं, तिच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट. पॉलिश पेपरनं कड घासली आणि त्यावरून कापसाचा बोळा फिरवला. तंतू अडकले. पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी बोळा कोरा निघाला. मुलगा सेलोटेप घेऊन आला, ती मी खिशात टाकली. चिकटलेली टेप काढताना सापाची कातडी सोलली गेलेली मी पाहिली आहे. जडपणासाठी वर लादीचे तुकडे सिलिकॉननं चिकटवले, वास जाईपर्यंत डबे चार दिवस गच्चीत ठेवले. या वेळी ते काथ्यावर नाही, टाकीच्या तळावरच टेकवायचे.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. तिनं उंदीर खाल्ला होता. "पण मॅडम, दिवसभर दिसतच नाही आता," तो जरा हिरमुसून म्हणाला. मागून आजींचा आवाज आला, डब्यांची झाकणं तरी परत द्यायला सांग त्यांना.

झाकणं खरंच माझ्या पर्सबरोबर क्लिनिकला आली होती.